गाडीवरची केळी संध्याकाळी काळी का पडतात?

प्रश्न : फुले मार्केटजवळच्या लोटगाडीवरून मी नेहमी केळी घेते. सकाळची पिवळीजर्द केळी संध्याकाळी डागाळलेली दिसतात. गाडीवाला पिकवायला कार्बाइड हे रसायन वापरतो की शिळा माल खपवतो?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. केळी गाडीवाला पिकवत नाही. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, 16 ते 18 अंशांवर इथिलीन हा फळ पिकवणारा वायू देऊन चार-पाच दिवसांत माल तयार होतो आणि गाडीवाला सकाळी कॅरेट उचलून आणतो. इथिलीनला 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) परवानगी आहे, कार्बाइडला बंदी. देठ हिरवा आणि साल पिवळी दिसली की कार्बाइडच, असं समजू नका. चेंबरमधूनही माल देठ हिरवा असतानाच काढतात, कारण पूर्ण पिकलेली फणी गाडीवर दिवस काढत नाही.

डाग पडतात ते उन्हाने आणि हाताळण्याने. वैशाखात जळगावचा पारा 45 अंशांकडे जातो. तेव्हा पिकलेलं केळं काही तासांत मऊ पडतं. त्यात प्रत्येक गिऱ्हाईक फणी दाबून बघतं. दाबलेली जागा लगेच दिसत नाही, दोन-चार तासांनी तपकिरी होते, आणि बोल बसतो गाडीवाल्याला. जाणता विक्रेता फणीची फुगीर बाजू वर ठेवतो, म्हणजे भार टोकांवर येतो आणि पोट चेपत नाही. गाडीच्या कडेने ओलं गोणपाट लावतो, पण फण्यांवर पाणी मारत नाही. देठाच्या बेचक्यात पाणी साचलं की तिथूनच कूज धरते.

उरलेला माल फ्रीजमध्ये ठेवायचीही सोय नाही. 13 अंशांखाली साल काळवंडते. म्हणून रात्री आठनंतर तो डझनामागे भाव उतरवतो. ठिपके पडलेलं केळं खराब नसतं, त्यातल्या पिठाची साखर झालेली असते. त्याच रात्री शिकरण करायचं असेल तर तेच घ्या. दोन दिवस ठेवायचं असेल तर हिरवट देठाची फणी मागा. कृपा करून दाबू नका, त्यालाच निवडून द्यायला सांगा.

प्रश्न : असा माल अतिक्रमणाच्या कारवाईत उचलला गेला तर?

उत्तर : 2014 च्या पथविक्रेता कायद्याचं कलम 19 विक्रेत्यांना माहीत असायलाच हवं. जप्त मालाची सही केलेली यादी जागेवरच मागून घ्यावी. ठरलेली फी भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. मागणी लेखी द्यावी आणि पोचेवर तारखेसोबत वेळही लिहून घ्यावी. विक्री प्रमाणपत्राची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून गाडीवरच ठेवावी, मूळ प्रत घरी.