इंग्रजीला घाबरू नकोस, तिने मुंगूसही आपलंच उचललंय

हिंजवडीत रुजू झालास, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही म्हणालास. माझंही तसंच होतं रे. नारायण पेठेतला मराठी माध्यमाचा मुलगा मी, 'येस सर'च्या पुढे गाडी जायची नाही.

पहिलं म्हणजे ही भाषा कुणा साहेबाची राहिलेली नाही. साम्राज्याने पसरवली हे खरं. पुढे अमेरिकेचा व्यापार, सिनेमा आणि संगणकाने. आज जपानी आणि ब्राझिलियन माणूस एकमेकांशी बोलतात तेव्हा बहुधा इंग्रजीतच, आणि दोघांचेही उच्चार त्यांच्या घरचे. शिवाय ती उसनवारीत निर्लज्ज आहे. लूट, बंगला, शाम्पू आपल्याकडचे, आणि 'मंगूस' तर थेट मराठी मुंगूस! चिपळूणकरांनी तिला वाघिणीचं दूध म्हटलं आणि 1880 साली पुण्यातच न्यू इंग्लिश स्कूल काढलं, तेही मराठीचा कडवा अभिमान बाळगून.

व्याकरण आपल्यापेक्षा सोपं. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, ही भानगड नाही. स्पेलिंग मात्र वैताग आहे. 1476 मध्ये इंग्लंडात छपाई आली, स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, उच्चार बदलत राहिले. 'नाइफ'मधला के हा त्याचाच अवशेष. तिथे तर्क लढवू नकोस, पाठ कर.

उच्चारात एकच गोष्ट आधी सुधार. 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वेट' म्हणताना ओठ गोल. आपण दोन्हीकडे एकच 'व' ठोकतो. रोज बसमध्ये दहा मिनिटं पुटपुट, शेजारचा बघेल तर बघू दे.