कॅसेटवाले जुने गेम खरंच चांगले होते का? आणि कन्सोल पुढे टिकतील का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कॅसेटवाले जुने गेम मुळातच चांगले होते, की आठवणींमुळे तसे वाटतात? आणि सगळं डाउनलोड नि क्लाउडकडे, म्हणजे गेम दूरच्या सर्व्हरवर चालवण्याकडे, चाललेलं असताना कन्सोल नावाची वस्तू, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा तो डबा, पुढे उरेल का? मी दोन्हींचं उत्तर एकाच ओघात देतो, कारण मला ते वेगळे काढता येत नाहीत.

आठवणींचा वाटा किती, हे तपासता येतं. लहानपणी कधीच हाती न आलेला एखादा जुना गेम आज पहिल्यांदा खेळून बघा. मी १९९४ चा 'सुपर मेट्रॉइड' असाच मोठेपणी खेळलो. माझी एकही आठवण त्याच्याशी जोडलेली नव्हती, तरी त्याने मला पुरतं धरून ठेवलं. त्यातली एक जागा सांगतो. जमिनीखाली खोलवर एक अरुंद, उभी, उंचच उंच खोली आहे. तुम्ही तिच्या तळाशी पोचता आणि लक्षात येतं की आता वर जाता येत नाही. उडी कितीही मारा, अपुरीच पडते. तिथे तीन छोटे प्राणी असतात. ते एका भिंतीवर उडी घेतात, पाय मारून समोरच्या भिंतीवर जातात, पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे, आणि असं करत करत वर चढतात. पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. अमुक बटण दाबा असं कुणी सांगत नाही. तुम्ही नुसतं बघता, मग करून बघता, बऱ्याचदा घसरता, आणि कधीतरी जमतं. त्यानंतर कळतं की ही उडी आपल्याला गेमच्या पहिल्या मिनिटापासून मारता येत होती, फक्त ठाऊक नव्हती. इतक्या मुकाट्याने शिकवणारे गेम आजही थोडेच निघतात. यात आठवणींचा काही संबंध नाही, हे कसब आहे.

मात्र हीच कसोटी सगळेच जुने गेम पार करत नाहीत. साधारण १९९५ ते २००० या काळातले, त्रिमितीत पहिली पावलं टाकणारे बरेच गेम आज हाताला बोचतात. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि तो फिरवायचा कुणी, हेच तेव्हा ठरलेलं नव्हतं. पहिल्या प्लेस्टेशनच्या मूळ कंट्रोलरला तर अंगठ्याने हव्या त्या दिशेला ढकलायच्या ॲनालॉग काड्याही नव्हत्या, त्या १९९७ साली आल्या. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये कॅमेरा हे चक्क एक पात्र केलं होतं. ढगावर बसलेला लाकिटू कॅमेरा घेऊन तुमच्या मागे फिरतो, अशी कल्पना, म्हणजे पडद्यावरची नजर कुणाची आहे हे खेळणाऱ्याला पटावं. तो गेम मोठाच आहे, पण त्याचा कॅमेरा आज भिंतीत अडकतो तेव्हा राग येतो. उलट त्याच्या आधीचे सपाट, द्विमितीय गेम अजून ताजे वाटतात, कारण तोवर ती कला मुरली होती. त्यामुळे 'जुने चांगले की नवे' असा सरसकट निवाडा मी करणार नाही. एखादी पद्धत शिकून झाल्यावर जे गेम निघाले ते टिकले, शिकताना निघाले ते इतिहासात राहिले.

आता कन्सोलकडे येतो, कारण ही कला मुरण्यात त्या डब्याचा फार मोठा हात होता. १९७७ च्या अटारी २६०० या कन्सोलमध्ये रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, होती १२८ बाइट. किलोबाइटही नाही. पूर्ण चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीची किरणशलाका पडद्यावर एकेक ओळ रेखत असतानाच प्रोग्रॅमरला त्या ओळीत काय दिसायचं ते ठरवावं लागे. 'स्पेस इन्व्हेडर्स' हा १९७८ चा, तोमोहिरो निशिकादो यांचा आर्केड गेम, म्हणजे दुकानातल्या यंत्रात नाणं टाकून खेळायचा. त्यात शत्रू मारत गेलं की उरलेले जास्त वेगाने सरकू लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामागचं कारण असं की पडद्यावर जितके शत्रू कमी, तितकं प्रोसेसरचं ओझं कमी, म्हणून वेग आपसूक वाढला. निशिकादोंनी तो तसाच ठेवला, आणि शेवटचा उरलेला एकटा शत्रू पकडताना होणारी ती धांदल जन्माला आली. खेळ जसजसा पुढे जाईल तसा कठीण व्हावा, हा आज गृहीत धरलेला नियम यंत्राच्या मर्यादेतून मिळाला.

आणि ही मर्यादा सगळ्यांसाठी सारखी होती, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तेच यंत्र, आणि ते अनेक वर्षं न बदलणारं. म्हणून बनवणारे त्याच यंत्राला वर्षानुवर्षं ओळखत गेले. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटचा. त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग निराळा. १९८८ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' निन्टेन्डोच्या त्याच फॅमिकॉम कन्सोलवर चालतो, पण शेजारी ठेवून पाहिले तर वेगळ्या यंत्राचे वाटावेत. यात कॅसेटचाही वाटा होता, ती नुसती साठवणीची पेटी नव्हती. तिच्यात जादा चिप घालता येई, आणि 'मारिओ ३' मध्ये ती होतीच. १९९३ च्या 'स्टार फॉक्स'च्या कॅसेटमध्ये तर त्रिमितीय आकृत्यांची आकडेमोड करणारा स्वतंत्र प्रोसेसर होता. कॅसेट लावली की कन्सोलच थोडा बदलायचा. मला ही कल्पना अजूनही फार आवडते.

आता पुढचं. २०१३ पासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोघांच्याही पोटात एएमडीचा, पीसीच्याच घराण्यातला प्रोसेसर असतो. त्याआधीच्या प्लेस्टेशन ३ ची सेल नावाची चिप सगळ्यांपेक्षा वेगळी होती, ताकदवान पण प्रोग्रॅम करायला अवघड. त्या वेगळेपणाची किंमत आजही मोजावी लागते: प्लेस्टेशन ५ मध्ये प्लेस्टेशन ३ ची डिस्क चालत नाही. त्यामुळे घराणं एक झालं याचं मला दुःख नाही, कारण जुने गेम पुढच्या यंत्रावर चालणं त्याने सोपं झालं. पण कन्सोल आणि पीसी यांच्यातली भिंत पातळ झाली, हेही खरं. २०२२ साली स्टीम डेक आला, तो हातात धरायचा पीसीच आहे. एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आपला 'सी ऑफ थीव्ज' प्लेस्टेशन ५ वर आणला. एकाच कन्सोलवर मिळणारे गेम, हे डबा विकत घेण्याचं जुनं कारण हळूहळू निसटतं आहे.

चित्राची शर्यतही संपत आली. १९८५ च्या मारिओपासून १९९६ च्या 'मारिओ ६४' पर्यंत अकरा वर्षं. प्लेस्टेशन ४ पासून २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रो पर्यंतही अकराच वर्षं. पहिल्या अकरा वर्षांत सपाट जगाचं त्रिमितीय जग झालं, दुसऱ्या अकरा वर्षांतला फरक ओळखायला पडद्याजवळ जावं लागतं. या पिढीत मला खरी जाणवलेली सुधारणा वेगळीच आहे. एसएसडी या वेगवान साठवणीमुळे ताटकळणं जवळजवळ गेलं. सीडी आल्यावर आपण लोडिंगची जी सवय लावून घेतली होती, ती मोडली आणि कॅसेटच्या काळातला 'लावलं की सुरू' हा अनुभव बऱ्याच अंशी परत आला.

क्लाउडबद्दल माझं मत असं: तो पूरक राहील, डब्याची जागा घेणार नाही. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. बटण दाबल्याची खबर दूरच्या सर्व्हरला पोचणार, तिथे चित्र तयार होणार, दाबून बारीक केलं जाणार, परत येणार आणि उलगडणार. सावकाश, डोकं चालवायच्या गेममध्ये हे खपून जातं, उड्या आणि मारामारीच्या गेममध्ये बोटांना लगेच कळतं. गूगलसारख्या कंपनीने २०१९ च्या नोव्हेंबरात स्टेडिया ही क्लाउड गेमची सेवा सुरू केली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. ग्राहकांचे पैसे परत केले, ते चांगलंच झालं.

म्हणजे कन्सोल राहतील असंच मला वाटतं, पण बहुधा छोटे, हातात धरून नेता येतील असे. गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई म्हणायचे की जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा नव्या तऱ्हेने उपयोग करा. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा फक्त चार छटांचा होता, प्रकाशही नव्हता. प्रतिस्पर्धी सेगा गेम गिअर रंगीत आणि उजळ होता, पण त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. जिंकला गेम बॉय. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचनेही हाच रस्ता धरला: घरी टीव्हीला जोडा, बाहेर जाताना उचलून न्या. १५ कोटींहून जास्त स्विच विकले गेले, आणि २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ ने तोच घाट कायम ठेवला.

तेव्हा डबा टिकेल की नाही याची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती आतल्या गेमची. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात नव्याने विक्रीला नव्हते, असं त्यात दिसलं. आणि हे तर बहुतांशी कॅसेट नि डिस्कच्या काळातले गेम, म्हणजे निदान कुणाच्या तरी कपाटात पडून आहेत. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डो ३डीएस आणि वी यू या कन्सोलची ऑनलाइन दुकानं खरेदीसाठी बंद झाली, तेव्हा फक्त तिथेच मिळणारे गेम नव्या खेळाडूला विकत घेता येईनासे झाले. 'द क्रू' या मोटारींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि ज्यांच्या हातात डिस्क होती त्यांच्याही हाती काही उरलं नाही, कारण एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत होता. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, आणि तिच्या युरोपीय संघातल्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मी या मोहिमेच्या बाजूने आहे. सर्व्हर कायम चालवा असं कुणीच म्हणत नाही. बंद करताना गेम चालण्याजोगा ठेवा, एवढंच मागणं आहे.

आज निघणाऱ्या गेमकडे तीस वर्षांनी कुणाला मागे वळून बघता येईल का, हा प्रश्न म्हणूनच मला कन्सोलच्या भवितव्यापेक्षा मोठा वाटतो.

आता थोडं व्यवहाराचं. घरात जुना कन्सोल असेल तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसा. खेळ सेव्ह होणाऱ्या बऱ्याच जुन्या कॅसेटमध्ये छोटी गोल बॅटरी असते. ती संपली की सेव्ह पुसले जातात, आणि ती बदलायला काढली तरीही जातात. म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने, म्हणजे कॅसेट संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाने, सेव्ह उतरवून घ्या, मग डाग देणाऱ्या (सोल्डरिंग करणाऱ्या) माणसाकडून बॅटरी बदला.

बदकं मारायचा 'डक हंट' नव्या टीव्हीवर चालत नाही म्हणून बंदूक बिघडली असं समजू नका. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला संवेदक तो उजेड दिसतो का बघतो. हे सगळं जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे, नव्या टीव्हीवर चित्र उशिरा येतं. नळीचा टीव्ही नसेल तर हा गेम सोडून द्या. बाकीच्या जुन्या गेमसाठी एमुलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उत्तम, फक्त टीव्हीचा गेम मोड चालू ठेवा आणि नळीच्या टीव्हीसारखं दाखवणारा फिल्टर लावा. जुनी चित्रं त्या किंचित पुसट पडद्यासाठीच काढलेली होती, 'सॉनिक'चे धबधबे त्यात खरोखर पारदर्शक दिसतात.

नवा कन्सोल घेणार असाल तर डिस्क ड्राइव्ह असलेला घ्या. प्लेस्टेशन ५ प्रो बरोबर तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि एक्सबॉक्स सीरिज एस ला तर बसवताच येत नाही. स्विच २ चे गेम घेताना वेष्टणावर 'गेम-की कार्ड' लिहिलंय का ते वाचा. तसं असेल तर त्या कार्डात गेम नसतो, तो डाउनलोड करावाच लागतो. दोन्ही रूपांत मिळत असेल तर पूर्ण गेम आत असलेलं कार्ड घ्या.