हरणांच्या चाऱ्याभोवतीचे कुंपण
टेक्सासमधील आपल्या रानात गुरे चरत असतील, तर हरणांसाठी टाकलेल्या मक्यावर तीच आधी तुटून पडतात आणि अंग घासून फीडरही (ठरावीक वेळी मका उडवणारे यंत्र) आडवा करतात. म्हणून आधी कुंपण, मग फीडर, असाच क्रम ठेवावा. 16 फूट लांबीच्या 12 ताठ तारजाळ्यांचे वर्तुळ सुमारे 61 फूट व्यासाचे होते, त्यामुळे फीडरच्या फिरत्या चकतीने उडवलेले दाणे सहसा आतच पडतात. येथे हात आखडता घेऊ नये. 34 इंच उंचीची जाळी रानडुकरांना रोखायला पुरते, गाईंसाठी मात्र 50 इंची लावावी. मोठी हरणे ती सहज ओलांडतात, पण पाडसांना जड जाते, म्हणून गुरे नसलेल्या रानात उंची विनाकारण वाढवू नये, असे मला मनापासून वाटते. जाळी लोखंडी खुंटांच्या बाहेरच्या अंगाने बांधावी, म्हणजे गुरांनी रेटले तरी बांधलेल्या तारा निसटत नाहीत.