शहराची पायरी आणि मुलीचा विषय

(नगरपरिषदेत अधिकारी असलेल्या एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाली असून तिला हफेई येथील यूएसटीसी या चिनी विद्यापीठात पुढे शिकायचे आहे. हफेई ‘तिसऱ्या दर्जाचे’ शहर असल्यामुळे बीजिंग किंवा शांघायखेरीज कोठेही पाठवणार नाही, असे ते म्हणतात.)

आदरणीय महोदय,

आपण पत्रासोबत जोडलेला शहरांचा तक्ता मी बराच वेळ पाहत होतो. अकरा शहरे, प्रत्येकासमोर दर्जा आणि समासात मुलीच्या अक्षरात लिहिलेले ‘हफेई’, त्यावर लाल शाईची आडवी रेघ. दोन पानी पत्रात तिचा विषय एकदाच आला आहे आणि तिने हफेईच का निवडले, हे तर कोठेच आलेले नाही. तिच्या गुणांची मला मुळीच चिंता वाटत नाही, या लाल रेघेची मात्र वाटते.

आपण नगरपरिषदांचे अ, ब, क वर्ग रोज हाताळता, म्हणून चिनी दर्जाही आपण त्याच नजरेने वाचला असावा. आपल्याकडे वर्ग लोकसंख्येवरून ठरतो. चीनमध्ये ही पायरी मुख्यतः शहराचा कारभार कोणाच्या हाताखाली चालतो आणि तेथील महापौर कोणत्या श्रेणीचा अधिकारी असतो, हे सांगते. सर्वांत वर थेट केंद्राच्या अखत्यारीतील बीजिंग, शांघाय, त्यानजिन आणि 1997 मध्ये सिचुआनपासून वेगळे काढलेले चोंगचिंग ही चार महानगरे आहेत. त्यांच्याखाली 15 उपप्रांतीय शहरे, मग प्रीफेक्चर पातळीची, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या तोडीची शहरे आणि शेवटी काउंटी पातळीची, म्हणजे साधारण आपल्या तालुक्याच्या तोडीची. ‘फर्स्ट टिअर’, म्हणजे ‘पहिल्या दर्जाचे शहर’, हा शब्द या उतरंडीतला नाहीच. तो बाजारपेठेच्या आणि माध्यमांच्या वर्गवारीतून आला आहे. म्हणूनच ग्वांगझू व शेनझेन उपप्रांतीय असूनही त्या यादीत शिरोभागी असतात आणि चोंगचिंग केंद्रशासित असूनही तेथे नसते. आपल्या तक्त्यात या दोन्ही याद्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

हफेई प्रशासकीय उतरंडीत तिसऱ्या पायरीवर आहे, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण विद्यापीठाची योग्यता त्यावरून ठरत नाही. यूएसटीसीची स्थापना 1958 मध्ये बीजिंगमध्येच झाली आणि 1970 मध्ये ते हफेईला हलवले गेले. 2016 मध्ये अवकाशात गेलेल्या चीनच्या क्वांटम उपग्रहाचे प्रमुख शास्त्रज्ञ पान च्यानवेई याच विद्यापीठाचे प्राध्यापक आहेत, आणि आपल्या मुलीची आवडही क्वांटम ऑप्टिक्सचीच आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या भागीदारीतून उभे राहिलेले विद्यापीठ तर खुनशानमध्ये, म्हणजे काउंटी पातळीच्या शहरात आहे.

येथेच राहायचे ठरल्यास आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेचा मार्ग आहेच.

आपल्याला योग्य शहर सुचवण्याचे मात्र मी नाकारतो. मार्गदर्शक प्राध्यापक कोण, शिकवण्याची भाषा कोणती, शिष्यवृत्तीत राहण्याचा खर्च भागतो का आणि पदवीला भारतात समकक्षता मिळते का, हे चार प्रश्न शहराच्या नावाआधी विचारायचे असतात, आणि ते विचारण्याचा पहिला अधिकार तिचा आहे. तो तक्ता कृपया तिच्या हाती परत द्यावा. पुढचे पत्र तिने स्वतः लिहिले, तर मी त्याला सविस्तर उत्तर देईन.