डायकास्ट टायगरवरचे वेदरिंग पुसण्याआधी

आपण चिपळूणहून विचारले आहे की १:७२ प्रमाणातल्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) टायगर या जर्मन रणगाड्याच्या मॉडेलवर कारखान्यातूनच आलेला तपकिरी मळ आणि कडांवरचा चंदेरी रंग थिनरने पूर्णपणे काढून टाकता येईल का. काढता येतो, परंतु सगळा काढू नये, असे माझे मत आहे. बहुतेक मॉडेलांवरचे वेदरिंग, म्हणजे मळ आणि झीज दाखवणारे हे रंगकाम, पुसण्यापेक्षा मूळ रंगाच्या पातळ हाताखाली दाबणे सोपे असते आणि त्यात नुकसानही कमी होते.

कारण थरांच्या क्रमात आहे. कारखान्यात बहुधा आधी मूळ रंग मारतात, त्यावर टॅम्पो छपाईने (मऊ रबरी शिक्क्याने) क्रूस आणि क्रमांक उमटवतात आणि शेवटी वॉश (खाचांत उतरणारा पातळ मळकट रंग) व ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिरवलेला रंग) करतात. म्हणजे जो द्राव मळ सोडवतो तो छापील क्रमांकावरूनच फिरतो, आणि ही छपाई फार पातळ असते. काही मॉडेलांवर या सगळ्यावर मॅट वार्निशही असते. तिथे द्रावाला आधी वार्निश फोडावे लागते आणि ते फुटले की खालचे सर्व एकदम सुटते. बरीच वर्षे झाली, हार्डवेअरच्या दुकानातले एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर मी एका शर्मनवर, म्हणजे अमेरिकन रणगाड्याच्या मॉडेलवर, लावले होते. पांढरा तारा पाहता पाहता गेला, आणि मऊ प्लास्टिकचे ट्रॅक असे चिकट झाले की त्यांवर अजूनही बोटाचा ठसा उमटतो. एनसी थिनर आणि अॅसिटोन या दोन्ही बाटल्या या कामासाठी घरात आणूच नयेत.

सुरुवात कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने करावी. मॉडेल पाण्यात बुडवू नये, कारण आतले स्क्रू आणि आस लोखंडी असतात आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ते आठवड्याभरात गंजतात. एवढ्याने फक्त वर बसलेली भुकटी जाते. त्यानंतर पोटाखालच्या, एरवी न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीला मिनरल टर्पेंटाइन लावून हलकेच घासावे. काडीवर तपकिरी रंग आला तर वॉश तेलकट किंवा एनॅमलचा आहे आणि आपले काम निम्मे झाले. काहीच आले नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात तेवढेच पाणी मिसळून तीच चाचणी करावी. काडीवर मूळ गडद पिवळा दिसताच मात्र त्या क्षणी थांबावे. द्राव मळ ओलांडून अंगाच्या रंगाला लागला आहे, आणि तिथे आणखी घासल्याने खालचा धातू उघडा पडण्यापलीकडे काही साधणार नाही. काडी नेहमी वरून खाली ओढावी, गोल फिरवू नये, आणि क्रमांकापासून चार-पाच मिलिमीटर दूर राहावे. हे काम खिडकी उघडी ठेवून, समई आणि गॅसपासून लांब करावे.

आता दाबण्याची पद्धत. मूळ रंगाशी जुळणारा अॅक्रिलिक रंग घेऊन एका भागाला आठ-दहा भाग अॅक्रिलिकचेच थिनर घालावे आणि सपाट ब्रशने एकेक पत्र्यावर असा फिरवावा की मळ दिसेनासा होणार नाही, फक्त मागे जाईल. टामियाच्या रंगांत गडद पिवळ्यासाठी एक्सएफ-६० चालतो. तो अल्कोहोलात विरघळतो, म्हणून पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. रंग निवडण्यापूर्वी आपला टायगर कोणत्या काळातला दाखवला आहे ते पाहावे. जर्मन वाहनांचा पायाचा रंग गडद पिवळा ठरला तो फेब्रुवारी १९४३ मध्ये; १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडजवळ प्रथम उतरलेले टायगर गडद राखाडी होते, त्यांच्यावर पिवळा हात देण्यात अर्थ नाही.

चंदेरी कडांविषयी माझी खरी तक्रार आहे. जाड पोलादावरचा रंग उडाला तरी तिथे चांदीसारखी लकाकी फार टिकत नाही, काही दिवसांत काळपट तपकिरी रंग येतो. चकाकी राहते ती जमिनीला सतत घासणाऱ्या ट्रॅकच्या माथ्यावर. म्हणून कडा पुसत बसू नये. अगदी बारीक ब्रशने गडद तपकिरीचे तुटक ठिपके चांदीवर ठेवावे आणि उरलेली रेघ मूळ रंगाने झाकावी. दोन तासांचे काम आहे, पण मॉडेलचा चेहरा सर्वाधिक बदलतो तो यानेच.

मळ कुठे ठेवावा हे चिरेखाणीतून येणाऱ्या ट्रककडे पाहिले की कळते. चाकांजवळ लाल माती थापलेली, दारापाशी विरळ, टपावर केवळ उन्हाने विटलेला रंग. कारखान्याची चूक इथेच असते की ते टपापासून पोटापर्यंत एकसारखा फवारा मारतात. वरचा भाग दाबला आणि खालचा तसाच राहू दिला तर अर्धे काम त्यांनीच करून ठेवलेले असते. (जांभ्याचा लाल रंग मात्र त्यावर चढवू नये, रशियातल्या चिखलाशी त्याचे काही नाते नाही.)

शेवटचा मॅट वार्निशचा हात हस्ताचा पाऊस सरल्यावरच द्यावा. दमट हवेत द्राव उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि वार्निश पांढुरके होते. जुलैत हे कोकणात हटकून घडते. तोवर मॉडेल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे. आणि ते पुढे विकण्याचा विचार असेल, तर यातले काहीही करू नये, कारण घेणारे खोक्यासह मूळ अवस्थेतलेच मॉडेल मागतात.