मधोमध ठेवलेली बशी आणि सासूबाई

प्रश्न : मे महिन्यात आम्ही पाच जण स्पेनमध्ये ग्रानादाला जाणार आहोत. पहिल्या रात्रीचं जेवण मुलाने हॉटेलातच ठरवलंय. स्पॅनिश आणि मोरोक्कन पदार्थ मधोमध ठेवून सगळ्यांनी वाटून खायचे, अशी तिथली पद्धत आहे. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही आणि उष्टं तर मुळीच खपत नाही. त्यांच्यासाठी काय मागवू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी उष्ट्याचं बघू. स्पेनमध्ये 'रासिओन' म्हणजे भरलेली बशी, 'मेदिया रासिओन' म्हणजे अर्धी. ती मधे ठेवतात आणि जो तो आपल्याच काट्याने उचलतो. माझ्या आत्याला घेऊन मी त्याच गावी गेले होते. मी काही बोलायच्या आत भाच्याने बशीत काटा खुपसला आणि आत्या रात्रभर पाव आणि ऑलिव्हवर राहिली. त्याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून सांगते, बसल्याबसल्या वाढायचे चमचे मागून घ्या आणि बशी आली की कुणी हात लावायच्या आत सासूबाईंचं पान वाढा. मोरोक्कोत घरची माणसं एका मोठ्या थाळीतून कुसकुस (रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) खातात, पण उजव्या हाताने आणि आपापल्या पुढ्यातलंच; समोरच्याच्या बाजूला हात घालत नाहीत. हे त्यांना जरूर सांगा, त्यांना आवडेल.

आता पदार्थ. 'बेरेनहेनास कॉन मिएल' नक्की मागवा : वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप आणि वरून काकवी. नावात 'मिएल' म्हणजे मध असला, तरी अंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या प्रांतात आहे तिथे, त्यावर बहुतेक वेळा उसाची काकवीच ओततात. (स्पॅनिश 'बेरेनहेना' हा शब्द अरबी-फारसीतून मागे मागे नेला, तर संस्कृतपर्यंत पोचतो. आत्याला हे सांगितल्यावर तिने आणखी दोन काप घेतले!) मात्र काप कशात घोळवलेत ते विचारा, कधीकधी त्यात अंडं असतं. मोरोक्कोचं 'झालूक' म्हणजे जवळजवळ आपलं भरीतच : वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, ऑलिव्ह तेल. 'तक्तूका' भाजलेल्या ढोबळी मिरचीचं. दोन्ही पावाला लावून खायचं, पोट छान भरतं.

फसगत होते ती इथे. 'साल्मोरेखो' हे टोमॅटोचं गार, दाट सार दिसायला निर्धास्त वाटतं, पण वर हॅमचे (डुकराच्या खारवलेल्या मांसाचे) तुकडे आणि उकडलेलं अंडं पेरलेलं असतं. 'तोर्तिया' म्हणजे तिथे बटाट्याचं जाड ऑम्लेट. 'हरीरा' सूपमध्ये बहुधा मटण असतं आणि भाज्यांचा कुसकुससुद्धा पुष्कळदा मटणाच्या रश्शावर वाफवतात. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो' असं चारही सांगा : मांस, हॅम, मासे, अंडं काहीच नको. कागदावर लिहून नेलंत तर उत्तमच.

आणखी एक. तिकडे रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी क्वचितच सुरू होतं आणि मे महिन्यात नऊलाही उजेड असतो. सासूबाईंना सातची सवय असेल, तर दुपारी दोनला पोटभर जेवा आणि पर्समध्ये थोडा चिवडा ठेवा.

शेवटी पुदिन्याचा चहा येईल. त्यात साखर आधीच आणि भरपूर घातलेली असते. सासूबाईंना मधुमेह असेल, तर मागवतानाच 'सिन आसूकार' सांगा.