लिफ्ट किट आणि ३३ इंची टायर: अडीच लाखांचं कर्ज काढावं का?

कोल्हापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, नोकरी, हातात येणारा पगार ८२ हजार. २०२२ मध्ये त्यांनी महिंद्राची डिझेल थार एलएक्स घेतली. तिचा हप्ता २२ हजार, अजून तीन वर्षं जायचा आहे. घरखर्च ४१ हजार, एसआयपी साडेआठ हजारांची, मुदत ठेव सव्वा लाख. मुलगी तीन वर्षांची. पावसाळ्यात मित्रांबरोबर आंबा घाटाच्या बाजूला ऑफरोडिंगला जातात. गाडी ४५ हजार किलोमीटर चालली आहे, टायर मूळचेच. दोन इंची लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडीची बॉडी वर उचलणं), ३३ इंची मड टेरेन टायर (चिखलासाठीचे, खोल खाचांचे) पाच आणि नवे रिम, असं अडीच लाखांचं कोटेशन त्यांना मिळालं आहे. बँक १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी पर्सनल लोन देते आहे. "तेवढे दिवस एसआयपी थांबवली की हप्ता बरोब्बर बसतो. घेऊ का?"

तुम्ही सरळ विचारलंत, तर उत्तरही सरळ देतो. कर्ज घेऊ नका. लिफ्ट आत्ता करू नका. टायर मात्र नक्की बदला, पण ३३ इंची नकोत.

आधी गाडीबद्दल बोलतो, कारण पैशाचा निर्णय इथे गाडीच्या खालीच ठरतो. तुमच्या थारचा पुढचा सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि मागे अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, आहे. दोन इंची लिफ्ट टाकली की बॉडी आणि चासी वर जाते; मागचा एक्सल आणि त्यावरचा डिफरन्शिअलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) फुगीर भाग जिथे होता तिथेच राहतो. दगडाला आधी तोच लागतो. त्याला वर उचलतो फक्त टायर, आणि तोही व्यासात जितकी वाढ होते त्याच्या निम्माच. तुमचा कंपनीचा टायर २५५/६५ आर १८, म्हणजे जवळजवळ ७८९ मिलिमीटर व्यासाचा, ३१ इंची. ३३ इंची म्हणून विकतात त्यातला २८५/६५ आर १८ घेतला तर व्यास भरतो ८२८ मिलिमीटर. फरक ३९, त्याचा निम्मा साडेएकोणीस. अडीच लाखांतून डिफरन्शिअलखाली दोन सेंटिमीटरही मिळत नाहीत. कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे आणि पाण्यातून जाण्याची खोली ६५० मिलिमीटर. तुम्ही ज्या वाटांवर जाता तिथे गाडी उंचीअभावी अडकते की चिखलात चाक फिरत राहतं म्हणून, हे तुम्ही स्वतः आठवून बघा. माझा अंदाज, चाक फिरत राहतं म्हणूनच. तांबड्या चिखलात टायरच्या खाचा भरल्या की गाडी कितीही उंच असली तरी जागची हलत नाही.

पुढच्या बाजूला आणखी एक गोष्ट. स्वस्तातल्या लिफ्टमध्ये बहुतेकदा स्पेसर, म्हणजे स्प्रिंगजवळ घालायच्या जाड चकत्या, बसवतात. त्याने गाडी उंच दिसते, पण चाक खाली लटकायची हालचाल कमी होते, आणि सीव्ही जॉइंट (चाकापर्यंत ताकद पोचवणारा सांधा) कायम तिरपा चालून लवकर झिजतो. अलाइनमेंट बिघडतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. वजनदार टायरमुळे ब्रेक, क्लच आणि स्टिअरिंगवर जास्तीचा ताण. मागच्या दारावर लटकलेली स्टेपनीही तेवढीच जड होते, तिची बिजागरी सैल पडते. स्पीडोमीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी १०५ ने पळत असते. या सगळ्याचा खर्च कोटेशनमध्ये कुठेही लिहिलेला नसतो.

कुटुंब घेऊन रात्री घाट उतरायचा असतो, तेही या हिशेबात धरा. गाडी जितकी उंच तितकी वळणावर कलणारी, आणि मड टेरेन टायर ओल्या डांबरावर ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) टायरइतके धरून राहत नाहीत. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत थारला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार-चार तारे मिळाले, ते कंपनीतून निघते तशा गाडीला. तुमची मुलगी मागच्या सीटवर बसते.

आता कायदा आणि विमा. दुकानदार म्हणेल, आरटीओ काही बोलत नाही. बोलत नसेल, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. दंडापेक्षा मला भीती विम्याची वाटते. न कळवलेल्या बदलांची गाडी घाटात उलटली, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवेल. गाडीचं कर्ज बाकी असताना दावा नाकारला गेला, तर गाडी जाते आणि हप्ता राहतो. पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो, तो काढून वाचा. आयोजित शर्यती आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीचा टिकाऊपणा तपासणाऱ्या स्पर्धा) त्यातून वगळलेल्या असतात. एखाद्या स्पर्धेत नाव घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पैशाकडे येतो. अडीच लाख, १४ टक्के, ३६ महिने: हप्ता साधारण ८,५४५ रुपये, एकूण परतफेड ३ लाख साडेसात हजार. म्हणजे साडेसत्तावन्न हजार फक्त व्याज. हप्त्याची रक्कम एसआयपीच्या रकमेला जुळते म्हणून 'बरोब्बर बसते' असं तुम्हाला वाटलं, आणि मला याच जुळण्याची काळजी वाटते. तीन वर्षं थांबवलेली एसआयपी म्हणजे न भरलेले ३ लाख ६ हजार. सरासरी १० टक्के परतावा धरला तर तीन वर्षांअखेर त्याचे साडेतीन लाखांवर होतात आणि मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत ११ लाखांच्या आसपास. बाजार इतकंच देईल अशी हमी नाही. पण तिच्या शिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांचा खर्च तुम्ही रिम आणि स्पेसरमध्ये घालताय, हे डोळ्यांसमोर असू द्या. गाडी विकताना लिफ्टचे पैसे कोणी वेगळे मोजत नाही. उलट बरेच गिऱ्हाईक मोडतोड केलेली गाडी म्हणून भाव पाडतात.

तुमच्या आकड्यांतली खरी उणीव वेगळीच आहे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना ६३ हजार लागतात, आणि ठेव आहे सव्वा लाख. नोकरी गेली तर दोन महिने. निदान सहा महिन्यांची सोय हवी, म्हणजे ३ लाख ७८ हजार.

ऑफरोडिंग सोडा असं मी अजिबात सांगत नाही. शनिवारी चिखलात गाडी घालून आठवड्याचा शीण जात असेल तर त्यावर खर्च व्हायलाच हवा. ४५ हजार किलोमीटरनंतर टायर तुम्हाला एरवीही बदलावे लागणार, तेव्हा हा खर्च हौसेत न धरता देखभालीत धरा. त्याच २५५/६५ आर १८ मापाचे चांगले ऑल टेरेन घ्या, लोड आणि स्पीड इंडेक्स (टायर किती वजन आणि वेग पेलतो ते सांगणाऱ्या खुणा) मूळ टायरपेक्षा कमी नको. साइडवॉल (बाजूची भिंत) जाड असलेला टायर निवडा, कारण सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, जांभ्याच्या कडा टायरला बाजूनेच कापतात. कोल्हापुरात दोन-तीन ठिकाणी भाव काढा. पाच टायर ७० ते ८० हजारांत बसायला हवेत, जुन्यांचे थोडे सुटतील ते वेगळे. सोबत प्रेशर गेज, छोटा कंप्रेसर, अडकलेली गाडी ओढायचा चांगला रिकव्हरी पट्टा आणि तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या). चिखलात शिरण्याआधी हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरून जमीन धरतो. डांबरावर येताच पुन्हा भरायची.

हे कर्जाविना कसं जमेल? तुमच्याच आकड्यांनुसार सगळं जाऊन महिना साडेदहा हजार उरायला हवेत. ते कुठे जातात हे पत्रात नाही. या महिन्यापासून पगाराच्या दिवशीच ते आवर्ती ठेवीत वळवा. सात-आठ महिन्यांत टायर येतात. खाचेतल्या झिजेच्या खुणेपर्यंत टायर आताच पोचले असतील तर मात्र थांबू नका. ठेवीतून घ्या आणि आठ महिन्यांत ती भरून काढा. त्यानंतर तेच साडेदहा हजार ठेवीत जाऊ द्या, दोन वर्षांत ती पावणेचार लाखांजवळ येईल.

तीन वर्षांनी गाडीचा हप्ता संपेल आणि २२ हजार मोकळे होतील. तेव्हाही उंची कमी पडते असं वाटलं, तर आधी विमा कंपनीला ईमेल करून कोणता बदल मान्य आहे हे लेखी घ्या, मग आरटीओत विचारा आणि मगच गॅरेजमध्ये जा. लिफ्ट तेव्हा रोख घ्या, एसआयपी चालू ठेवून.